उभ्या गाडीचे दुखणे
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : आमच्या दादरच्या सोसायटीत सहा-सात जणांकडे महागड्या जर्मन गाड्या आहेत. रविवारी सकाळी आम्ही खाली चहाचे कप घेऊन जमतो आणि बोलणे साहजिकच गाड्यांवर येते. मी कार्यालयात लोकलनेच जातो, त्यामुळे माझी चार वर्षांची सेडान महिन्यातून जेमतेम दोनदा फाटकाबाहेर पडते. गेल्या दोन महिन्यांत तिची बॅटरी दोनदा उतरली. एक मित्र म्हणतात, रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवा; दुसरे म्हणतात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा; तिसऱ्यांचा सल्ला आहे की चार्जर घ्या. तिघांच्याही गाड्या ठणठणीत आहेत. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, दादर

उत्तर : तिसऱ्यांचे ऐकावे, परंतु पहिल्या दोघांचे का ऐकू नये हेही समजून घ्यावे, म्हणजे पुढच्या रविवारी आपल्याला त्यांच्याशी गोडीगुलाबीने वाद घालता येईल.

गाडी कुलूपबंद असली तरी पूर्णपणे झोपलेली नसते. अलार्म, किल्लीचा संदेश ऐकणारा रिसीव्हर आणि काही संगणकी भाग सतत थोडी थोडी वीज खात असतात. हा प्रवाह केवळ ३० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आसपास आणि महिन्याला वीसहून अधिक अँपिअर-तास खर्ची पडतात. म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा चतुर्थांशाहून अधिक भाग गाडीने उभ्या उभ्या संपवलेला असतो. रोज पाच मिनिटे इंजिन चालवल्याने फार तर सेल्फने खाल्लेली वीज परत मिळते, हा जुना खड्डा काही भरत नाही. शिवाय इतक्या वेळात इंजिन पुरते तापत नसल्यामुळे जळणातून तयार होणारे पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचून राहते. पद्मिनीच्या जमान्यात घरोघरी दिला जाणारा हा सल्ला आजच्या गाडीला मानवत नाही.

वायर काढून ठेवल्याने बॅटरी वाचते, हे खरे. मात्र घड्याळ आणि काचांची स्मृती पुसली जाते, अलार्म बंद पडतो, आणि आपल्या सेडानची बॅटरी डिकीत असेल तर पंचाईत होते, कारण डिकीचे बटण त्याच बॅटरीवर चालते. अशा वेळी रिमोटच्या पोटात दडवलेली धातूची किल्ली उपयोगी पडते. ती आपल्या रिमोटमधून कशी निघते आणि कोठे लागते, हे आजच पाहून ठेवावे. बॅटरी डिकीत असली तरी जंप-स्टार्टसाठीची टोके बहुधा बॉनेटखाली दिलेली असतात.

चार्जर घेताना तो बॅटरी भरल्यावर आपोआप मंदावणारा आणि एजीएम प्रकारच्या, म्हणजे आतले आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवणाऱ्या, बॅटरीला चालणारा असावा. प्लग मात्र सोसायटीच्या मीटरवर लावू नये. वार्षिक सभेत तेवढ्या एका विषयावर तासभर जातो, हा माझा अनुभव आहे. स्वतःच्या मीटरवरून सोय होत नसेल तर आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालवावी. आपल्याला तर हे फारच सोपे आहे. रविवारी भल्या पहाटे वरळीहून कोस्टल रोडने मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन परत यावे. २५-३० किलोमीटर सहज होतात आणि सिग्नल फारसे लागत नाहीत. वेगमर्यादा ८० ची आहे, बोगद्यात ६० ची; बॅटरीला त्याहून अधिक वेगाची गरज नसते.

आणखी एक गोष्ट तपासावी. पार्ल्यातील आमच्या एका स्नेह्यांची बॅटरी अशीच वरचेवर उतरत असे. ते तळमजल्यावर राहतात आणि गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी चिकटून उभी असते. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या, वायरिंग तपासून झाले. शेवटी लक्षात आले की गाडीची किल्ली खिडकीशेजारच्या खिळ्याला, गाळणी आणि सांडशीच्या सोबतीने, टांगलेली असते. किल्ली इतकी जवळ असल्यामुळे गाडीला मालक दाराशी आल्याचा भास होई आणि ती रात्रभर पुन्हा पुन्हा जागी होई. किल्ली आतल्या खोलीतल्या कपाटात गेली आणि तक्रार थांबली.

नवी बॅटरी बसवण्याची वेळ आलीच तर अशा बऱ्याच गाड्यांमध्ये तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, म्हणजे चार्जिंग नव्या बॅटरीच्या मानाने होते. ती नोंद केल्याचे बिलावर लिहून घ्यावे.

प्रश्न : माझ्या एसयूव्हीला एअर सस्पेन्शन आहे. सकाळी पाहावे तर मागची उजवी बाजू चार बोटे खाली बसलेली असते. गाडी सुरू केली की मिनिटभरात वर येते. वर येते आहे तोवर चालवत राहा, असे शेजारचे गाडीमालक म्हणतात. आमच्याकडे स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे लोखंडी प्लेटांवर एकावर एक गाड्या ठेवतात.
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : शेजाऱ्यांचा हा सल्ला आपल्याला महागात पडेल. त्या चाकावरची हवेची रबरी पिशवी, जिला गॅरेजमध्ये बेलो म्हणतात, किंवा तिच्या नळीचा जोड झिरपत असावा. गाडी वर येते ती कंप्रेसरच्या जिवावर, आणि तो अधूनमधून चालण्यासाठी केलेला असतो. रोज गळती भरून काढता काढता तो जळतो आणि मग एकाऐवजी दोन खर्च उभे राहतात. साबणाचे पाणी लावून गळती पाहणारा कोणताही जाणकार कारागीर ती दाखवून देईल. दुरुस्ती होईपर्यंत गाडी वरच्या प्लेटवर ठेवू नये; पूर्ण बसलेली गाडी प्लेटवरून उतरवताना तिचा खालचा भाग कडेला घासतो. त्याच निमित्ताने पार्किंगच्या पाटीवरची वजनमर्यादाही वाचावी. मोठ्या एसयूव्ही दोन टनांच्या वर सहज जातात.

प्रश्न : गाडी सहा वर्षांत १४ हजार किलोमीटरच चालली. टायरची नक्षी नव्यासारखी आहे. तरी बदलावेत का?
— एक वाचक, वांद्रे

उत्तर : टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे लिहिलेले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर चालण्याने झिजते, तसेच नुसत्या काळानेही कडक होते, म्हणून नक्षीच्या खोबणीत आणि बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसतात का, हे उजेडात पाहावे. भेगा असतील तर पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावेत. सुरुवातीचे काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरून मग शांत होत असेल, तर टायर एकाच जागी उभे राहून चपटे झाले आहेत इतकाच त्याचा अर्थ. हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे ठेवावी आणि गाडी अधूनमधून हातभर पुढे-मागे करावी. आपले टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, असतील तर डिकीत स्टेपनी बहुधा नसते, आणि पंक्चर झाल्यावर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर एवढीच मुदत मिळते.

प्रश्न : तळघरातील पार्किंगमध्ये पाणी शिरल्यास विमा मिळतो का?
— एक वाचक, घाटकोपर

उत्तर : सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने झालेले नुकसान धरलेले असते. अडचण पुढे येते. पाणी ओसरल्यावर उत्सुकतेपोटी सेल्फ मारला, पाणी सिलिंडरमध्ये ओढले गेले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते नुकसान मागाहून ओढवून घेतलेले मानले जाते; इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतलेले नसेल तर विमा कंपनी सहसा हात वर करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा तळघरात गाडी ठेवणाऱ्याने या कलमात काटकसर करू नये. पाणी शिरल्यास इग्निशनही चालू करू नये, दारावरच्या पाण्याच्या रेषेचे छायाचित्र काढावे, कंपनीला कळवावे आणि गाडी चारही चाके वर उचलणाऱ्या वाहनातूनच न्यावी.

प्रश्न : तीन महिने परदेशी जाणार आहे. टाकी भरलेली ठेवावी की रिकामी? आणि उंदरांचे काय करावे?
— एक वाचिका, माहीम

उत्तर : भरलेली ठेवावी. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत हवा जितकी कमी, तितका ओलावा कमी.

उंदरांसाठी फवारे आणि गोळ्या मी वापरून पाहिल्या आहेत. आठवडाभर गुण येतो, नंतर उंदीर त्या वासाला सरावतात. नातवंडांच्या सीटखालचा बिस्किटांचा चुरा आधी झाडून काढावा, आणि कोणाला तरी दर चार दिवसांनी बॉनेट उघडायला सांगावे. वॉचमनच्या केबिनसमोरची जागा तीन महिन्यांपुरती बदलून मिळत असेल तर अवश्य घ्यावी. तेथे रात्रभर दिवा असतो आणि माणसांची येजा असते.