गोसीखुर्दच्या जलाशयात मासेमारीच्या लहान नावेसाठी कोणता नांगर घ्यावा आणि तो कसा सांभाळावा?

तळ गाळाचा असेल तेथे रुंद, चपट्या पात्यांचा नांगर घ्यावा. चार आकड्यांचा नांगर गाळातून घसरत येतो आणि पाण्याखालच्या झाडांच्या खोडांत अडकला की निघत नाही, म्हणून तो वापरायचाच असल्यास उलट्या बाजूने ओढून सोडवता यावा यासाठी त्याच्या बुडाशी वेगळी दोरी बांधून ठेवावी. वजनापेक्षा दोराची लांबी महत्त्वाची आहे: पाणी ४ मीटर खोल असेल तर किमान २० मीटर नायलॉनचा दोर सोडावा आणि नांगराजवळ २-३ मीटर साखळी जोडावी, म्हणजे ओढ आडवी राहून पाती रुततात. दगड बांधूनही भागते असे आमच्याकडे म्हणतात. वारा सुटेपर्यंत ते खरेही असते. वापरानंतर गाळ धुवावा, आणि साखळीच्या कडीपाशी दोराचे पीळ झिजून केसाळ झाले असतील तर तेवढा भाग कापून नवी गाठ मारावी.