तयार नॅस की स्वतः जुळवलेला? सांगलीच्या लग्न-फोटोग्राफी स्टुडिओसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ, दोन लॅपटॉप, एका लग्नाचा साधारण २०० जीबी डेटा आणि कपाटात साठलेल्या सुट्या पोर्टेबल डिस्क. दोन डिस्कचा तयार नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा डबा) घ्यावा, की पडून असलेल्या चौथ्या पिढीच्या आय-५ पीसीवर ट्रूनॅस (पीसीचा नॅस करणारं सॉफ्टवेअर) टाकून स्वतः उभा करावा?

माझ्या घरी गेली कित्येक वर्षं स्वतः जुळवलेलाच नॅस आहे आणि तो मी सोडणार नाही. तरी तुम्हाला सांगेन, तयार घ्या. जुना पीसी मात्र भंगारात देऊ नका, त्याचं काम पुढे येतंय.

या वादात लोक प्रोसेसर आणि रॅमवर तासन् तास घालवतात. खरा प्रश्न वेगळा आहे. लग्नसराईत तुम्ही कोल्हापूरला शूटवर असताना डिस्क गेली, तर स्टुडिओत कोण बघणार? तयार डब्यात बीप वाजतो, फोनवर नोटिफिकेशन येतं आणि तुमचा असिस्टंट तुम्ही सांगाल तो ट्रे ओढून नवी डिस्क सरकवू शकतो. ट्रूनॅसमध्येही हे सगळं होतं, पण कुठली डिस्क गेली ते सीरियल नंबरवरून ओळखायचं, कॅबिनेट उघडायचं आणि पूलमध्ये (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटात) डिस्क बदलायची. मला त्यात मजा येते. तुमच्या असिस्टंटला यावी अशी अपेक्षा का ठेवायची?

तयार डब्यांबद्दल एक भीती नेहमी ऐकू येते की डबा मेला की डेटा गेला. बहुतेक तयार डब्यांच्या पोटात लिनक्सच असतं. ओळखीच्या एका सीएंच्या ऑफिसातला डबा वॉरंटी संपल्यावर बंद पडला. दोन्ही डिस्क काढून एका डेस्कटॉपला सॅटा केबलने जोडल्या, पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालू केलं, त्यात एमडीएडीएम आणि एलव्हीएम ही लिनक्सची डिस्क जुळवणारी साधनं टाकली आणि रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्कची एकत्र मांडणी) जुळवून घ्यायला सांगितलं. फोल्डर दिसायला लागले. मग सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मात्र व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केलेला असेल आणि किल्ली त्याच डब्यात असेल, तर देवच वाली. किल्लीची फाइल बाहेर ठेवा.

आता तयार डब्यांतलं दुखणं. पैसे सॉफ्टवेअरचे घेतात, हार्डवेअर जुनं देतात. सिनॉलॉजी कंपनीच्या प्लस मालिकेतला २०२५ चा दोन डिस्कवाला डबाही २०१९ च्या सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसरवर चालतो. त्यातच त्या वर्षी कंपनीने नव्या प्लस मॉडेलांत आपल्याच डिस्क वापरायची अट आणली. ओरड झाली आणि ऑक्टोबरात त्यांच्या डब्यांचं सॉफ्टवेअर डीएसएम ७.३ आलं तेव्हा ती सैल केली. म्हणजे मालक तुम्ही, पण नियम त्यांचे. स्वतः जुळवलेल्यावर ही कटकट नाही. शिवाय ट्रूनॅसची फाइल साठवायची पद्धत झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचं चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, त्यामुळे डिस्कने गुपचूप चुकीचा डेटा दिला तर पकडलं जातं आणि दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्तही होतं. बहुतेक तयार डब्यांत याच्या जवळ जाणारं म्हणजे बीटीआरएफएस, आणि अगदी स्वस्त मॉडेलांत ते बहुधा नसतं. तुम्ही घ्याल त्यात ते आहे का, एवढं मात्र दुकानदाराच्या शब्दावर न जाता स्पेसिफिकेशनमध्ये वाचा. बऱ्याच डब्यांत स्नॅपशॉटसाठी (फायली एखाद्या क्षणी होत्या तशा जपून ठेवायला) ते हवंच. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर जोडलेला नेटवर्क ड्राइव्हही लॉक होतो, तेव्हा कालचा स्नॅपशॉटच वाचवतो.

विजेचं गणित पटकन. सतत चालू असलेला एक वॉट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट. जुना पीसी तयार डब्यापेक्षा ३० वॉट जास्त खात असेल, तर वर्षाला अडीचशेच्या वर युनिट जादा. युनिटला १० रुपये धरले तरी अडीच हजार गेले, आणि स्टुडिओचं मीटर कमर्शियल असणार. 'फुकटचा' पीसी तितकासा फुकट नाही.

डिस्क घेताना ती सीएमआर (डेटाचे पट्टे सुटे लिहिणारी) आहे याची खात्री करा. २०२० मध्ये डब्ल्यूडी कंपनीच्या 'रेड' (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) निघाल्या होत्या. RAID पुन्हा जुळवताना अशा डिस्क रडतात. आता त्यांच्याकडे सीएमआरसाठी रेड प्लस आहे. सीगेटचं आयर्नवुल्फही चालेल. दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावा, पण मिररला बॅकअप समजू नका. चुकून डिलीट केलेलं लग्न दोन्ही डिस्कवरून एकदमच जातं.

इथे तुमचा आय-५ येतो. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट (ट्रूनॅससारखंच नॅसचं सॉफ्टवेअर) टाका आणि एक मोठी डिस्क बसवा. पहिली पूर्ण प्रत स्टुडिओतच करा. गिगाबिट केबलवर सेकंदाला ११० एमबी मिळतात, म्हणजे ४ टीबीला दहा-अकरा तास, रात्रभराचं काम. मग तो पीसी घरी न्या. स्टुडिओत पाणी शिरलं किंवा चोरी झाली तरी एक प्रत घरी राहते, आणि २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला हे मी काय सांगणार. पीसी रात्री ठरावीक वेळी चालू होऊन काम झालं की बंद होऊ दे, वीजही वाचेल. १०० एमबीपीएस अपलोड असेल तर २०० जीबीला साडेचार तास लागतात.

दोन्ही जागा टेलस्केलने (इंटरनेटवरून खासगी, सुरक्षित जोडणी करणारं सॉफ्टवेअर) जोडा. राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचा दरवाजा) उघडायचा नाही, कोणी यूट्यूबर कितीही सोपं दाखवो. २०२१ चं क्यूलॉकर आणि २०२२ चं डेडबोल्ट या दोन्ही रॅन्समवेअरनी इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे डबे गाठले होते. तसंही बऱ्याच फायबर जोडण्या सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला) असतात, तिथे पोर्ट उघडूनही उपयोग नसतो.

नॅसला यूएसबी असलेला यूपीएस जोडा, म्हणजे वीज गेली की तो स्वतःहून नीट बंद होतो. नुसत्या घरगुती इन्व्हर्टरवर ठेवलात तर बॅटरी संपत आलीय हे त्याला कळणारच नाही. एडिटिंग लॅपटॉपच्या एसएसडीवरच करा, नॅसवर उतरवून ठेवा. वायफायवरून ४के टाइमलाइन ओढायला गेलात तर दोन दिवसांत नॅसला शिव्या घालाल.

बजेट अपुरं पडत असेल तर डब्याचं मॉडेल एक पायरी खाली घ्या (बीटीआरएफएस सांभाळून), पण घरच्या पीसीतली डिस्क कापू नका. घरच्या आणि स्टुडिओच्या जोडणीचा अपलोड स्पीड रात्री मोजून इथे टाका, त्यावरून बॅकअपच्या वेळा कशा लावायच्या ते सांगतो.