बीओडीच्या बाटलीतला ऑक्सिजन संपतो कसा?

प्रश्न : मी एम.टेक. पर्यावरण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. घरगुती सांडपाण्याच्या बीओडी चाचणीत (घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ते मोजणाऱ्या) तिसऱ्या दिवशी विरघळलेला ऑक्सिजन शून्य येतो. कुठे चुकतंय?

उत्तर : नमुना जास्त पडतोय. २७ अंशांना पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि अशा सांडपाण्याची मागणी २०० च्या आसपास असते. ३०० मिलीच्या तीन बाटल्यांत ३, ६ आणि ९ मिली नमुना घ्या. ज्या बाटलीत ऑक्सिजन किमान २ ने उतरला आणि किमान १ उरला, तीच धरा. ६ मिलीच्या बाटलीत ३.८ ची घट आली, तर ५० ने (३०० भागिले ६) गुणून बीओडी १९०.

नुसत्या विरलनपाण्याची, म्हणजे नमुना पातळ करायच्या पाण्याची, बाटलीही ठेवाच. तिच्यात घट ०.२ पेक्षा जास्त दिसली तर पाणीच अशुद्ध आहे, सगळी चाचणी पुन्हा करा. बुडबुडा अडकू देऊ नका, इनक्युबेटरमध्ये अंधार हवा.

क्लोरीन दिलेलं पाणी असेल तर विशेष जपा. जिवाणू मेलेले असतात, म्हणून बीओडी खोटा कमी दिसतो आणि घाण पाणी स्वच्छ ठरून नदीत जातं. आधी सोडियम सल्फाइटने क्लोरीन घालवा, मग निवळलेल्या सांडपाण्याचं विरजण लावा, म्हणजे त्यातले जिवंत जिवाणू नमुन्यात येतील. त्या विरजणाची स्वतःची घट मात्र वजा करा.