बंदुकीच्या नळीत उकळते पाणी का?

प्रश्न : माझे आजोबा चीन युद्धानंतरच्या भरतीत सैन्यात गेले. चांदमारीनंतर रायफलीच्या नळीत उकळते पाणी ओतत असू, असे त्यांनी वहीत लिहिले आहे. पाण्याने तर लोखंड गंजते ना? त्याच पानावरील ‘कोत’ आणि ‘फुलतरू’ म्हणजे काय? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : आजोबांनी लिहिले ते बरोबर आहे, मी स्वतः 1963 सालचा रंगरूट असून अशा कित्येक किटल्या नळीत रिकाम्या केल्या आहेत. ही रायफल थ्री-नॉट-थ्री असावी. वजन सुमारे 4 किलो, मॅगझिनमध्ये 10 गोळ्या आणि दर गोळीनंतर हाताने मागेपुढे करायचा बोल्ट. तिच्या काडतुसाच्या टोपीतील मसाला पेटला की नळीत क्षार उरत. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसेच हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेत आणि नळी आतून गंजू लागे. तेलात ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. शिवाय उकळत्या पाण्याने तापलेली नळी लवकर कोरडी होते, म्हणून आधी पाणी, मग चिंधी आणि शेवटी तेल, असा क्रम असे.

कोत म्हणजे शस्त्रे ठेवण्याची खोली. फुलतरू हे ‘पुल-थ्रू’चे बराकीतले रूप. एका टोकाला पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधीसाठी फासे असलेली ही दोरी तेलाच्या बाटलीसह रायफलीच्या दस्त्यातच ठेवलेली असे. वजन मागून नळीत सोडायचे आणि दोरी एका दमात सरळ ओढायची, कारण ती तिरकी ओढली तर घासून नळीचे तोंड झिजते आणि नेम बिघडतो. मी एकदा घाईत चिंधीची घडी जाड घेतली, ती मधेच अडकली, दोरी तुटली आणि उस्तादांनी रायफल डोक्यावर धरून मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. हे वहीत नसले तरी आजोबांनाही ठाऊक असणार!

पुढे 20 गोळ्यांच्या मॅगझिनची एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) आली. तिच्यात गॅसच्या दाबाने पुढची गोळी आपोआप भरली जाई, मात्र पिस्टनवरची काजळी खरवडण्याचे काम वाढले.

आणखी एक. वहीत कोठे ‘शिस्त चुकली’ असे आढळले, तर आजोबांच्या वर्तनाविषयी शंका घेऊ नका. फौजी बोलीत शिस्त म्हणजे नेम.