हेन्री फेयोलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं लहान कारखान्यात खरंच चालतात, की फक्त परीक्षेपुरती?

चालतात. सगळी नाही, पण एक तर नक्की: एका माणसाला एकच साहेब. बाकीची तेरा पेपरात लिहा.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बरीच वर्षं मशीन शॉप सांभाळलंय. एका कारखान्यात मोठे शेठ आणि त्यांचे दोन मुलगे, तिघंही शॉपमध्ये हिंडायचे आणि दिसेल त्याला हुकूम सोडायचे. आमच्या लेथवाल्यानं एकदा व्हॉल्व्हची बॉडी चार जबड्यांच्या चकात धरली, डायल लावून, काटा हलायचा थांबेपर्यंत ट्रू केली, म्हणजे अगदी मध्यावर आणली. एका बाजूचं फेसिंग होतंय न होतंय तोच धाकटे शेठ आले. 'पहेलां आ पतावो' (आधी हे उरका) म्हणत दुसऱ्या पार्टीचे फ्लँज पुढ्यात टाकले. बिचाऱ्यानं बॉडी उतरवली. फ्लँज अर्धे झाले नाहीत तर मोठे शेठ हजर, बॉडी का उतरवली म्हणून. पुन्हा चढवली, घाईत बोअर, म्हणजे आतलं भोक, सेंटरबाहेर गेला, कास्टिंग भंगारात. पैसे कापले लेथवाल्याचे! मी भांडलो, तर म्हणे तुम्हीच माणसं लाडावून ठेवलीत.

फेयोल काही नुसता मास्तर नव्हता. खाणीतला इंजिनियर. बुडायला आलेल्या कंपनीचा कारभार १८८८ मध्ये हातात घेऊन १९१८ पर्यंत ओढला, पुस्तक १९१६ मधलं. अमेरिकन इंजिनियर टेलरची एका कामगारावर आठ-आठ फोरमनांची कल्पना त्याला पटली नव्हती, ती याच कारणानं. नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण ही त्याची पाच कामं तुम्हाला पाठ असतीलच. आमच्याकडे आदेशाला तिघं आणि समन्वयाला कुणीच नाही.

नंतरच्या कारखान्यात मी जॉब कार्ड सुरू केलं. चालू काम मध्येच उतरवायचं तर कार्डावर सुपरवायझरची सही हवी, सांगणारा शेठ का असेना. शेठ लोकांना राग येतो, येऊ द्यावा.

हां, फेयोल स्वतःच तत्त्वं लवचीक ठेवा म्हणतो. स्टोअरवाला डिस्पॅचवाल्याशी थेट बोलला तरी त्याची हरकत नाही, फक्त दोघांच्या साहेबांना ते ठाऊक आणि मंजूर हवं. चारशे माणसांच्या कंपनीचा अनुभव मला नाही.

आमचे एमबीए मेव्हणे मात्र दर दिवाळीला ऐकवतात, फेयोल जुना झाला, आता मॅट्रिक्सचा, म्हणजे एका माणसाला दोन-दोन साहेबांचा जमाना. त्यांना स्वतःला दोन बॉस आहेत, आणि अप्रेझल आलं की 'एकानं सांगितलेलं केलं, दुसऱ्यानं मार्क कापले' हे रडगाणं आमच्याच घरी येऊन गातात.