भाऊ थोरला की धाकटा?

"मॅडम, एकच विचारायचंय. माझ्या हातून काहीच तडीला जात नाही, हे सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं तर त्यावर काही उपाय असतो का?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मेधाताई खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. ही हकीकत सांगायला त्यांची परवानगी आहे.) पर्समधून चार घड्यांचा एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. आखून घेतलेले रकाने होते. तारीख, ठरलेले शब्द, झालेले शब्द आणि शेवटी लाल शाईत तूट.

महिनाभरात कादंबरीचा कच्चा खर्डा पुरा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पन्नास हजार शब्द, तीस दिवस, म्हणजे रोज १,६६७. त्या आल्या तेराव्या दिवशी. बारा दिवसांत वीस हजार व्हायला हवे होते, झाले होते १४,२००. "आता उरलेल्या अठरा दिवसांत रोज एक हजार नऊशे एकोणनव्वद," त्या म्हणाल्या. हा भागाकार त्यांनी येताना रिक्षात नाही, पहाटे चार वाजता पडल्या पडल्या केला होता. वीसेक वर्षं हिशेब विभागात काम केलेल्या बाई. आकडे त्यांना झोपेतही सोडत नव्हते.

महिनाभराच्या कादंबरीचा नाद लागलेली माणसं माझ्याकडे अधूनमधून येतात आणि सगळ्यांची तक्रार एकच असते. सुरुवातीचा आठवडा मजेत जातो, दुसऱ्यात मागे पडायला होतं आणि तिसऱ्यात प्रश्न कादंबरीचा न राहता स्वतःच्या लायकीचा होऊन बसतो. त्यामुळे आधी आकड्याबद्दल थोडं बोलते, कारण त्याच्याकडे लोक देववाणीसारखं बघतात.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात १९९९ साली ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने आणि त्याच्या ओळखीपाळखीच्यांनी मिळून महिनाभरात कादंबरी लिहिण्याचा हा खेळ सुरू केला. एकवीस जण होते. पहिल्या वर्षी जुलैत, पुढच्या वर्षीपासून नोव्हेंबरात. पुढे त्याची संस्था झाली, जगभरातले लाखो लोक त्यात उतरले आणि २०२५ मध्ये त्या संस्थेने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पन्नास हजार हा आकडा त्या मित्रमंडळींच्या सोयीचा होता, आणि तो इंग्रजी शब्दांचा होता. आपल्याकडे 'दारापाशीच्या' हा एकच शब्द. इंग्रजीत त्याच कामाला तीन-चार शब्द लागतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं आपण नामाला चिकटवून टाकतो, त्यामुळे तेवढ्याच मजकुराचे मराठीत शब्द कमी भरतात. म्हणजे मराठीत पन्नास हजार गाठणारा माणूस प्रत्यक्षात जास्त मजकूर लिहीत असतो. हे मी मेधाताईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या आणि लगेच म्हणाल्या, "पण तरी तूट ती तूटच."

पहिल्या भेटीत मी कादंबरीत शिरले नाही. झोप किती, जेवण वेळेवर होतं का, कामावर चुका होतायत का, हे विचारलं. झोप पाच तासांवर आली होती आणि दिवसा डोळे मिटत होते. हे मी मुद्दाम विचारते. लिहिण्याच्या भरात कुणी रात्र रात्र जागत असेल आणि तरीही थकवा म्हणून जाणवत नसेल, डोकं सुसाट धावत असेल, बोलणं आवरत नसेल, तर तो लिहिण्याचा उत्साह समजून पाठ थोपटायची नसते, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं असतं. उलट महिनाभर कशातच मन लागत नसेल आणि लिहिणं हे त्यातलं फक्त एक असेल, तर तिथेही शब्दसंख्येची चर्चा व्यर्थ. मेधाताईंचं तसं काही नव्हतं. त्या दमल्या होत्या आणि स्वतःवर चिडल्या होत्या.

मग मी जे केलं ते चुकलं. कुणीही समंजस माणूस करेल तेच मी केलं, उद्दिष्ट निम्मं करायला सांगितलं. रोज आठशे. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं मला वाटलं, आणि त्यांनाही.

सतराव्या दिवशी त्या पुन्हा आल्या. चार दिवसांत बेरीज १४,२०० वरून १४,९०० वर गेली होती. सातशे शब्द. चार दिवसांचे.

"बसलात का रोज?"

"दोन-दोन तास."

मी चक्रावले. आळस नव्हता, टाळाटाळ नव्हती, आणि तरी कागद कोराच. त्याच भेटीत त्यांनी रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीही काढला. त्याने म्हणे सव्वीस दिवसांत कादंबरी पुरी केली होती. केली होती, खरं आहे. १८६६ साली, प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराची मुदत डोक्यावर होती म्हणून. पण त्याने ती स्वतः लिहिली नाही, लघुलेखिकेला सांगितली, आणि त्या कथेचा आराखडा त्याने १८६३ मधल्या एका पत्रातच मांडला होता. सव्वीस दिवस लोकांच्या लक्षात राहतात, आधीची तीन वर्षं कुणी मोजत नाही. त्यांना हे पटलं, पण त्याने शब्द थोडेच वाढणार होते?

म्हणून मी म्हटलं, "लॅपटॉप आणलाय ना? इथेच पंधरा मिनिटं लिहा. मी बोलणार नाही."

समुपदेशनात असं काही शिकवत नाहीत. पण माणूस स्वतःच्या अडचणीचं वर्णन करतो तेव्हा तो निष्कर्ष सांगतो. आपल्याला हवा असतो तो प्रसंग. मी खिडकीशी बसून बघत राहिले. त्यांनी चार ओळी झरझर लिहिल्या. चांगला वेग होता. पाचव्या ओळीला हात थांबला, बोट वर सरकलं, पानं मागे मागे गेली, आणि पुढची अकरा मिनिटं त्या कुठेतरी पहिल्या प्रकरणात होत्या. पंधरा मिनिटं झाली तेव्हा आधीपेक्षा शब्द कमी झाले होते.

"काय झालं मघाशी?"

"भाऊ." त्यांनी कपाळाला हात लावला. "नायिकेचा भाऊ पहिल्या प्रकरणात थोरला आहे. आता घराच्या वाटणीचा प्रसंग आला, तर तो धाकटा असायला हवाय. थोरला असेल तर तिने सही करताना कचरायचं कारणच उरत नाही."

"मग आत्तापासून धाकटा धरून पुढे जा."

"आणि मागचं?"

"मागचं राहू द्या तसंच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना खोटी पावती फाडायला सांगत होते. "मॅडम, ताळा लागल्याशिवाय मी ऑफिसातून उठत नाही. आजपर्यंत एकदाही उठले नाही."

इथे सगळं उलगडलं. चिकाटी कमी नव्हती, ती भलत्या जागी खर्च होत होती. माझा निम्म्या उद्दिष्टाचा सल्ला का फसला तेही कळलं. आठशे शब्दांना पुरेल त्याहून जास्त वेळ हाती आला, आणि तो सगळा मागच्या पानांचा ताळा जुळवण्यात गेला. कथा एका ठिकाणी बदलली की मागे दहा ठिकाणी दुरुस्ती, त्या दुरुस्तीने आणखी कुठेतरी विसंगती. कच्च्या खर्ड्याचा ताळा त्या रोज रात्री लावायला बसत होत्या, आणि कच्च्या खर्ड्याचा ताळा लागतच नसतो.

अशा वेळी 'आतल्या टीकाकाराला गप्प करा' असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो आवडत नाही. मेधाताईंच्या आतल्या तपासनिसाने वीस वर्षं त्यांची नोकरी सांभाळली होती, त्याला दाराबाहेर काढा म्हणून मी कोण सांगणार? तो वर्षअखेरीस यायचा तो रोज येऊन बसत होता, एवढंच.

मी विचारलं, "तुमच्याकडे एखादी रक्कम जमा होते आणि ती कुणाची, कशापोटी, हे कळत नाही. तेव्हा त्या दिवसाचं काम थांबवता?"

"छे. ती सस्पेन्स खात्याला टाकायची आणि पुढे..." त्या बोलता बोलता थांबल्या. मग इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेर बसलेल्या माणसाने आत डोकावून पाहिलं.

ज्यांचा हिशेबाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्या रकमेचं खातं ठरत नाही, ती तात्पुरती एका वेगळ्या खात्यात उभी करून ठेवतात. त्यामुळे बाकीचं काम अडत नाही, आणि रक्कम हरवतही नाही. नंतर कागदपत्रं आली की ती योग्य खात्यात वळवतात. वर्ष संपताना ते खातं शून्यावर यावं अशी अपेक्षा असते. रोज नव्हे.

पुढचं बहुतेक सगळं मेधाताईंनीच आखलं, मी फक्त माना डोलावल्या. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला एक वही. पहिली नोंद: 'भाऊ. इथून पुढे धाकटा.' दुसरी: 'मामाचं गाव नक्की कुठे?' रोज नवी फाइल उघडायची, म्हणजे वर सरकायला मागचं पान हाताशीच नको. लिहिताना काही खटकलं तर वहीत एक ओळ, आणि हात परत कळफलकावर. उठण्याआधी उद्याच्या प्रसंगाबद्दल एक वाक्य लिहून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करू म्हणून मागे जावं लागणार नाही. अट माझी एकच: तिसाव्या दिवसापर्यंत मागचं काहीही वाचायचं नाही. या अटीवर त्यांनी माझ्याशी पाच मिनिटं घासाघीस केली. मी हटले नाही.

आणखी एक गोष्ट मी सुचवली. त्यांचे यजमान रोज रात्री प्रेमाने विचारायचे, "आज किती झाले?" हेतू चांगलाच होता, पण घरी आल्यावरही लेखापरीक्षण सुरूच. मी म्हटलं, त्यांना विचारू द्या, फक्त प्रश्न बदलायला सांगा. "आज काय झालं?" असं विचारायचं. कथेत.

एकविसाव्या आणि बाविसाव्या दिवशी घरात आजारपण निघालं, एक शब्द झाला नाही. त्यांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की आता मोडलंच आहे तर सोडून द्यावं, असं मनात घोळतंय. ही वेळ धोक्याची असते. दोन दिवसांच्या खाड्याने कादंबरी मरत नाही, खाड्याचा जो अर्थ आपण लावतो त्याने मरते. लंडनमधल्या संशोधकांनी सवयी कशा जडतात याचा अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. फोनवर मी एवढंच सांगितलं आणि विचारलं, "वहीत उद्याचं वाक्य आहे ना?" होतं. "मग ते उद्याचंच आहे. परवाचं झालेलं नाही."

तिसाव्या दिवशी बेरीज ३१,४०० भरली. तूट १८,६००. तो कागद त्यांनी पुढच्या भेटीत आणला, लाल शाईसकट. त्यांना वाईट वाटलं होतं आणि मी ते पुसायला गेले नाही. ठरवलेलं झालं नाही की वाईट वाटतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. पण मग त्यांनी स्वतःच विचारलं, अंदाज इतका चुकतो कसा? त्या तर व्यवसायाने अंदाजपत्रकं करतात.

सगळ्यांचाच चुकतो. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४. सगळं शक्य तितकं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून जास्त. आपण मनात धरतो तो सर्वांत वाईट अंदाजही खऱ्यापेक्षा गोडच असतो. कारण अंदाज बांधताना आपण काम डोळ्यांपुढे आणतो, आजारपण आणत नाही. मेधाताईंनी तिथल्या तिथे स्वतःच्या गतीने उरलेल्या शब्दांचा भागाकार केला आणि म्हणाल्या, "अजून पंधरा-सोळा दिवस. मध्ये खाडे धरून तीन आठवडे." महिन्याची वेसण घालून बसायचं कारण उरलं नव्हतं. महिन्याने त्यांना टेबलाशी आणून बसवलं, त्याचं काम तेवढंच होतं.

लोक मला विचारतात, मग हा प्रकार करावा की नाही? ज्याच्या डोक्यात गोष्ट बरेच दिवस घोळतेय आणि जो 'वेळ मिळाला की' म्हणत टाळतोय, त्याने जरूर करावा. परीक्षा, बाळंतपण किंवा घरात कुणाची शुश्रूषा चालू असताना करू नये. आणि महिना संपल्यावर आपण लेखक ठरणार की नाही, याचा निकाल लागेल म्हणून करणाऱ्याने तर मुळीच नाही. मेधाताई सुरुवातीला या शेवटच्या गटात होत्या, हे त्यांना आणि मला उशिरा कळलं.

दोनेक महिन्यांनी त्या भेटायला आल्या, वही घेऊन. खर्डा पुरा झाला होता. वहीत अडुसष्ट नोंदी होत्या, बऱ्याचशा खोडलेल्या. मी विचारलं, इतक्या सोडवल्या? तर म्हणाल्या, निम्म्यांहून अधिक सोडवाव्या लागल्याच नाहीत. पहिली तीन प्रकरणं वाचल्यावर सरळ काढून टाकली, त्यांच्याबरोबर त्या नोंदीही गेल्या. मामाचं गाव गेलं, मामाही गेला. त्या सतराव्या दिवसापर्यंत ज्या पानांवर त्यांनी रात्री घालवल्या होत्या, त्यातली बरीच आता नव्हतीच. हे सांगताना त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्या मजेत होत्या.

"आणि तो भाऊ?" मी विचारलं. "शेवटी धाकटाच राहिला?"

त्यांनी वही माझ्याकडे वळवली. पहिल्या पानावरची पहिली नोंद तेवढी खोडलेली नव्हती. बाजूला वेगळ्या हस्ताक्षरात, बहुधा यजमानांच्या, पेन्सिलीने लिहिलं होतं: 'जुळे का नकोत?'

"विचार चाललाय," मेधाताई म्हणाल्या आणि वही मिटली.