पावसाळ्यातील पेंढा, पेंड आणि मुरघास

प्रश्न : आमच्याकडे चार दुभत्या गाई आहेत. वायंगणी (रब्बी हंगामातील) भाताचा पेंढा मे महिन्यात वाळवून आम्ही गोठ्यालगतच्या खोलीत रचतो. छप्पर गळत नाही, तरीही ऑगस्टपर्यंत खालचे थर काळे पडतात आणि शेंगदाणा पेंडीच्या गोणीत बुरशीच्या गुठळ्या होतात. खराब भाग काढून उरलेले जनावरांना द्यावे का? त्यापेक्षा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) करणे बरे का? – एक वाचक, सत्तरी

उत्तर : छप्पर गळत नसेल, तर ओल जमिनीतून आणि भिंतीतून येत असली पाहिजे, शिवाय गोव्यातील पावसाळी हवा इतकी दमट असते की वाळलेला पेंढाही ती ओल शोषून घेतो. म्हणून पोफळीच्या जुन्या खोडांच्या फळ्या टाकून जमिनीपासून फूटभर उंच माच करावा, भिंतीपासून हातभर अंतर सोडावे आणि पेंढ्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये, कारण त्याखाली घाम धरतो. रचताना पेंढ्यात १५ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा. रचल्यानंतर पहिले काही दिवस गंजीत हात घालून पाहावे आणि आत ऊब लागली, तर ती लगेच मोकळी करावी.

पेंडीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. शेंगदाणा पेंडीवर ‘अस्परजिलस फ्लेवस’ ही बुरशी सहज वाढते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष, गुठळी काढून टाकली तरी, उरलेल्या पेंडीत न दिसता असू शकते. ते शिजवून नाहीसे होत नाही. जनावराच्या पोटात गेल्यावर त्याचा काही अंश ‘एम-१’ या रूपात दुधात उतरतो आणि दूध उकळले तरी टिकतो. भारतीय नियमांनुसार दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम एवढीच आहे. त्यामुळे संपूर्ण गोण बाजूला काढावी, मग नुकसान कितीही टोचो. बुरशी आलेला पेंढाही खतखड्ड्यात जावा. तो गाईंखाली अंथरल्यास त्या तो खातातच. पावसाळ्यात पेंड तीन-चार आठवड्यांपुरतीच आणावी आणि आधी आणलेली आधी संपवावी.

मुरघास उपयुक्त आहे, पण तो पेंढ्याची जागा घेत नाही. चिकात दाणे भरत आलेला मका दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून, हवा राहणार नाही असा दाबून बंद केल्यास सुमारे ४५ दिवसांत तयार होतो. नेपियर गवतात पाणी जास्त आणि साखर कमी असल्याने ते थोडे सुकवून त्यात गुळाची मळी मिसळावी लागते. चार गाईंसाठी मोठा खड्डा करू नये, कारण उघडल्यावर रोज पुरेसा थर निघत नाही आणि उरलेला हवेने बिघडतो. ४००-५०० किलोच्या पिशव्या घ्याव्यात. प्रत्येक गाईला रोज १५ किलो दिल्यास एक पिशवी सात-आठ दिवसांत संपते. उंदरांनी पाडलेले छिद्र दिसताच चिकटपट्टीने बंद करावे.